गुणाजींच्या कार्डांची मागची बाजू

गुणाजी घाडीगावकर आमच्या कंपनीत लागले, त्या दिवशी त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर चपलांना नंबर दिले.

१९८७ सालची गोष्ट. अंधेरीला मरोळच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा कापायचा कारखाना, वर आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारे. खालच्यांच्या कामाचा आवाज वर यायचा, आमच्या कामाचा आवाजच नव्हता, त्यामुळे आम्ही काही करतो यावर खालच्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला-बूट काढूनच जायचं. धुळीनं मशीन बिघडतं म्हणत. मशीनं तीन, एसीची खोली एक, आणि दाराबाहेर पादत्राणांचा हा ढीग. गुणाजींनी तो ढीग पाहिला, दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि मला हळूच विचारलं,

"देव खयचो?"

मी म्हटलं, "देव नाही, कॉम्प्युटर आहे."

"असां," म्हणाले आणि खडू शोधायला गेले. संध्याकाळपर्यंत भिंतीकडेला एक ते चौदा आकडे आणि रेघा. विद्याधरचा नंबर सहा. त्यानं बूट सातवर काढले तर गुणाजी काही बोलत नसत. गुपचूप उचलून सहावर ठेवत. आठवड्यात आम्ही सगळे सुतासारखे सरळ झालो.

गुणाजी मूळचे गिरणीतले. बावीस वर्षं एका गिरणीच्या स्टोअरमध्ये होते. संप झाला, गिरणी काही उघडली नाही. मग थोडे दिवस गोरेगावला एका स्टुडिओच्या गेटवर वॉचमन, थोडे दिवस घरी, आणि शेवटी आमच्याकडे सहा महिन्यांच्या टेंपररी बोलीवर प्यून. राहायला चारकोपला, सेक्टरातल्या नव्या घरात. गिरणीची आठवण ते फारशी काढत नसत. काढली तर ती मांडणीची असे. "साडेचार हजार खण होते," असं म्हणत, जसं दुसरा एखादा आपल्या गावची नदी किती मोठी होती ते सांगतो.

आणि चौकस माणूस! पण त्यांची चौकशी वेगळी. नवीन माणूस कॉम्प्युटर बघून विचारतो, हे काय करतं? गुणाजी विचारत, "ह्येचां नाव काय?" फ्लॉपी दाखवली की नाव काय. ती घालायची ती फट, तिचं नाव काय. पडद्यावर लुकलुकतं ते, त्याचं नाव काय. एकदा त्यांनी विद्याधरला कर्सरचं नाव विचारलं, तासाभरानं जयंतीला विचारलं, जेवणानंतर चंद्रप्रकाशला. मी म्हटलं, "मामा, एकदा कळलं ना?"

"कळलां हो. तिघांचा एकच येता काय बघत होतंय."

हे तिघे आमचे प्रोग्रॅमर. विद्याधर हुशार आणि त्याला ते माहीत असलेला. जयंती त्याच्याहून हुशार आणि भांडखोर. चंद्रप्रकाश बोलायचा कमी आणि खायचा फार. मी त्यांच्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तकं लिहायचो. त्याआधी दोन वर्षं बोरिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून गुणाजी मला मास्तर म्हणत. आणि साहेब म्हणजे बाळ केणी. मालक, सेल्समन आणि फ्यूज उडाला तर इलेक्ट्रिशियन, सगळं तेच.

त्या वर्षी केणीसाहेबांनी मुलुंडच्या एका हॉस्पिटलचं काम मिळवत आणलं होतं. हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरचा हिशेब, म्हणजे कोणतं औषध किती आलं, कुठल्या वॉर्डात किती गेलं, किती उरलं, हे कॉम्प्युटरवर ठेवायचं. तिथले व्यवस्थापक शिवदास नाबर. बारीक अंगाचे, जाड भिंगांचे, एक वाक्य बोलून थांबणारे. त्यांनी अट घातली होती. "तुमचा माणूस आमच्याकडे रोज बसणार नाही. आमच्या स्टोअरच्या बाईंनी तुमचं पुस्तक वाचून, कुणाला न विचारता दिवसाचं काम करून दाखवलं, तर मशीन ठेवू. नाहीतर रजिस्टर आहेच."

केणीसाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "हे काम मिळालं तर वर्षभर बघायला नको. गुणाजी, तुम्हाला कायम करतो. नाही मिळालं तर डिसेंबरात तुमचे सहा महिने संपतायत आणि माझ्या हातात काही नाही. खोटं कशाला सांगू?"

गुणाजींनी मान हलवली आणि रिकामे कप गोळा केले.

आता माझ्या पुस्तकाबद्दल. ते मी जीव ओतून लिहिलं होतं. शाळेत मी मुलांना सांगायचो, निबंधात एक शब्द दोनदा आला की वाचणारा कंटाळतो. तेव्हा मी सातव्या पानावर 'माहिती साठवा' लिहिलं, आठव्यावर 'जतन करा', नवव्यावर 'नोंदवून घ्या'. औषधाला कधी 'औषध', कधी 'वस्तू', कधी 'जिन्नस'. केणीसाहेब वाचून म्हणाले, "वा! काय भाषा आहे!" मी दोन दिवस हवेत होतो.

मला जमिनीवर आणलं गुणाजींनी. पानं जुळवून त्यांना भोकं पाडायचं काम त्यांच्याकडे होतं. पंच मशीन हातात तसंच धरून ते माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, सातव्या पानार साठवा. आठव्यार जतन करा. ही दोन कामां?"

"छे. एकच. एफ-टूची कळ दाबायची."

"मगे नावां दोन कित्याक?"

"तीन आहेत," मी जरा अभिमानानंच म्हटलं. "तेच तेच वाचून कंटाळा येतो माणसाला."

गुणाजींनी पंच मशीन दुसऱ्या हातात घेतलं. "स्टोअरात कोण कंटाळो घालवूक येणा नाय," ते म्हणाले आणि भोकं पाडायला गेले.

मी मनात म्हटलं, असो.

मुलुंडला पहिली परीक्षा झाली. स्टोअरच्या बाई म्हणजे शेवंती म्हात्रे. चाळिशीच्या, कपाळाला मोठं कुंकू, आणि औषधांच्या चारशे नावांतलं एकही न चुकणाऱ्या. कॉम्प्युटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण घाबरल्या नव्हत्या. पुस्तक डावीकडे, मशीन उजवीकडे, मागे खुर्च्यांवर आम्ही. तोंड उघडायची बंदी.

शेवंतीबाईंनी खोकल्याच्या औषधाच्या दोनशे बाटल्या भरल्या. सातवं पान वाचलं, 'साठवा', कळ दाबली. आठवं वाचलं, 'जतन करा', कळ दाबली. नववं वाचलं, 'आवक नोंदवून घ्या', आणि कळ दाबली. खरं तर सातव्या पानावर मी ते काम सांगितलं होतं, आठव्यावर समजावलं होतं आणि नवव्यावर त्याचा सारांश केला होता. पण मशीनला सारांश कळत नाही. पडद्यावर शिल्लक आली सहाशे.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मागे वळून मांडणीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अहो, वरच्या चारशे बाटल्या ठेवू कुठे?"

पुढच्या पडद्यावर औषधाला विद्याधरनं 'आयटम' म्हटलेलं, त्याच्या पुढच्यावर जयंतीनं 'प्रॉडक्ट', आणि चंद्रप्रकाशच्या रिपोर्टमध्ये 'मटेरियल'. माझ्या पुस्तकात ते 'जिन्नस'. शेवंतीबाईंनी थोडा वेळ शोधलं, मग पुस्तक मिटून हात मांडीवर ठेवले. माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणावर एवढी स्पष्ट समीक्षा कुणी केलेली नाही.

नाबर म्हणाले, "तुम्हाला का वाटलं तीनदा दाबायचं?"

"तीन नावं लिहिलीत, म्हणजे कामं तीन असणार ना?" बाई म्हणाल्या. "नाहीतर माणूस कशाला लिहील?"

नाबरांनी केणीसाहेबांना दहा दिवस दिले.

परतताना घाटकोपरला विद्याधर म्हणाला, "वाट लागली यार." जयंती म्हणाली, "तुझ्या आयटममुळे." आणि मरोळ येईपर्यंत त्यांचं भांडण चाललं.

ऑफिसात गुणाजी जिन्यातच उभे होते. काय झालं ते आमच्या चेहऱ्यांवर होतंच. केणीसाहेबांना त्यांच्याकडे बघवेना. ते आत गेले. गुणाजी माझ्याजवळ आले. वाटलं, नोकरीचं काही विचारतील. त्यांनी विचारलं,

"बायन कितीवेळा दाबल्यान? तीन?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी आपल्या स्टुलाखालून एक पत्र्याचा डबा काढला, खालच्या कारखान्यातून मागून आणलेला. आत पुठ्ठ्याची कार्डं, उभी, अक्षरवारीनं. तीन महिने हा माणूस सगळ्यांना नावं विचारत होता, ती सगळी इथं होती. एका कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं: साठवा, जतन करा, नोंदवून घ्या, सेव्ह, अपडेट, पोस्ट. पुढची बाजू कोरी.

"पुढे काहीच नाही?"

"तां तुमी ठरवाचां. माका कोण विचारता?"

मी त्यांना हाताला धरून केणीसाहेबांच्या केबिनमध्ये नेलं. तिथं त्यांनी गिरणीची रीत सांगितली. स्टोअरातल्या प्रत्येक खणाला एक कार्ड. पुढे एकच नाव. पण गिरणीत माणसं दहा गावची. एकाच सुट्या भागाला कोकणातला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, एक म्हणे, तेलंगणातला दुसरं, इंजिनियर तिसरं. ती सगळी कार्डाच्या मागे. नियम असा, की मागलं नाव ऐकायचं, पुढलं नाव बोलायचं. कुणी मागल्या नावानं माल मागितला तर हसायचं नाही, परत पाठवायचं नाही. माल द्यायचा, पण देताना पुढलं नाव मोठ्यानं म्हणून द्यायचा. वर्षभरात तो माणूसही पुढलं बोलायला लागे.

"हे इतकं कशाला पण?" केणीसाहेबांनी विचारलं.

"माझ्या आधीच्या स्टोअरकीपरान एक पट्टो दोन नावांनी दोन खणांत ठेवल्यान," गुणाजी म्हणाले. "एका खणात संपलो. म्हणून साचो, म्हंजे कापड विणूचो माग, तीन दिवस बंद. दुसऱ्या खणात सोळा पट्टे पडलेले. तेच्या जाग्यार माका घेतल्यानी."

केणीसाहेबांनी लगेच सगळ्यांना बोलावलं. कार्डाची पुढली बाजू भरायची. आणि मग जी काही जुंपली!

"आयटमच ठेवा," विद्याधर म्हणाला. "सगळीकडे आयटमच असतं."

"सगळीकडे म्हणजे तुझ्या डोक्यात," जयंती म्हणाली.

"मटेरियल काय वाईट आहे?" चंद्रप्रकाश. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

"ते कापडाचं वाटतं रे!"

मी म्हटलं, "जिन्नस हा अस्सल मराठी—"

"मास्तर, तुम्ही तर बोलूच नका!" तिघंही एकदम.

त्या खोलीत माझ्या आठ महिन्यांच्या नोकरीत एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. गुणाजी डबा मांडीवर घेऊन सगळ्यांचं ऐकत होते. आवाज जरा कमी झाल्यावर म्हणाले, "शेवंतीबाय काय म्हणतत?"

कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही महिनाभर त्या बाईंसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो आणि त्या आपल्या कामाला काय म्हणतात हे एकानंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी मुलुंडला गेले. शेवंतीबाईंच्या स्टोअरात कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून त्यांनी दिवसभर नुसतं ऐकलं. बाईंनी पुढे मला सांगितलं, "आधी वाटलं तपासणीला आलेत. मग बघितलं तर त्यांनी माझी कोपऱ्यातली मांडणी न सांगता लावून टाकलेली. म्हटलं, हा आपल्यातलाच माणूस आहे."

संध्याकाळी डबा घेऊन गुणाजी परतले, तेव्हा त्रेचाळीस कार्डांच्या पुढच्या बाजू भरलेल्या होत्या. बाई औषधाला 'औषध' म्हणतात. बाटली असो की पाकीट, मोजताना 'नग'. वॉर्डाला दिलं की 'वाटप'. आणि सगळं लिहून झालं की रजिस्टरला 'चढवलं'.

"चढवा?" मी म्हटलं. "जतनऐवजी चढवा? मामा, जरा तरी..."

"जतन आपण पोरांका करतो, मास्तर. बाय रजिस्टराक चढयतत."

जतन मागच्या बाजूला गेलं. माझे आणखी अठरा शब्द गेले. प्रत्येक जाताना गुणाजी तो मागे नीट लिहीत, एकेक अक्षर घाई न करता, त्यामुळे पूर्ण अपमान झाल्यासारखं वाटतही नसे. पडद्यांवर हेच शब्द इंग्रजी अक्षरांत घालायचे ठरले, कारण आमच्या मशीनला मराठी अक्षर येत नव्हतं. विद्याधर आधी म्हणाला, "मी असले शब्द लिहिणार नाही." जयंतीनं तेवढ्यात आपला पडदा बदलून दाखवला, तेव्हा त्यानं रात्र पडायच्या आत आपले दोन बदलले.

पुस्तक मी पुन्हा लिहिलं. जिथं कळ दाबायची तिथं 'चढवा', पुन्हा दाबायची नसेल तिथं गप्प बसायचं. एवढं नीरस लिखाण मी कधी केलं नव्हतं आणि एवढं कठीणही. साठ पानांची अठ्ठावीस झाली.

मग एक वाद निघाला, शेवटच्या पानावरून. गुणाजींनी त्यांच्या कार्डांच्या मागच्या बाजूंची यादी मला टाइप करायला लावली होती. वर मथळा, 'मागची नावं', आणि खाली, अमुक शब्द दिसला तर त्याला आपण तमुक म्हणतो, पान अमुक. केणीसाहेबांनी ते पान पुस्तकातून उपटून टेबलावर ठेवलं.

"गुणाजी, हे नको. सगळं एकसारखं केलं ना आता? मग टाकलेले शब्द पुन्हा कशाला छापायचे? नाबर म्हणतील, ह्यांचंच ह्यांना पक्कं नाही."

"पान काढलात तर कार्डाक पाठ रवली नाय, साहेब."

"चूक झाली होती ती मुद्दाम दाखवायची?"

"चूक नाय ती. माणसां आसत. खंयतरी जुनां नाव रवताच." मग ते म्हणाले, "मोडला काय तर माझ्यार ढकला. नायतरी डिसेंबरात जाताच आसंय."

केणीसाहेबांनी पान परत लावलं. रागानं लावलं, त्यामुळे जरा तिरकं लागलं. गुणाजींनी ते काढून सरळ लावलं.

दुसऱ्या परीक्षेला गुणाजींनाही नेलं. ते दाराजवळ उभे राहिले, चपला बाहेर काढून, जरी तिथं कुणी काढायला सांगितलं नव्हतं. शेवंतीबाईंनी दोनशे बाटल्या भरल्या. 'चढवा' वाचलं, एकदा कळ दाबली, पान उलटलं. शिल्लक दोनशे. केणीसाहेबांनी माझा गुडघा इतका दाबला की वळ उठला. मग तीन वॉर्डांचं वाटप, मुदत संपलेल्या औषधांची यादी. बाई पुढे पुढे चालल्या होत्या, पुस्तकाकडे बघणं कमी कमी होत गेलं.

शेवटी रिपोर्ट. रिपोर्ट पाहिला, आता बाहेर पडायचं. आणि त्या पडद्याच्या तळाशी, बाकी सगळीकडे 'बाहेर' असताना, लिहिलेलं होतं 'क्विट'.

चंद्रप्रकाशचा चेहरा मी पाहिला. शब्द बदलताना त्याला तो पडदा सापडलाच नव्हता. जयंतीनं डोळे मिटले. बोलायची बंदी. नाबरांनी घड्याळ पाहिलं. शेवंतीबाई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. एकदा पुस्तक मिटलं. हात मांडीवर जाणार असं मला वाटलं आणि मी दाराकडे पाहिलं. गुणाजी बाईंकडे बघत नव्हते. ते पुस्तकाकडे बघत होते, जसा एखादा बाप शाळेच्या दारात आत गेलेल्या पोराकडे बघतो.

बाईंनी पुस्तक पालथं केलं आणि मागून उघडलं. बोट वरून खाली आलं. "एक्झिट, क्विट, रिटर्न," त्या पुटपुटल्या, "ह्यांना आपण बाहेर म्हणतो. पान चार." चौथं पान काढलं, कळ दाबली. बाहेर.

"झालं," शेवंतीबाई म्हणाल्या. आणि नाबरांकडे वळून, "हे मागचं पान चांगलं आहे हो. आपल्या रजिस्टरलाही पाहिजे. रात्रपाळीच्या सिस्टर काय वाट्टेल ते लिहितात."

नाबर म्हणाले, "मशीन ठेवू." एक वाक्य, आणि थांबले.

चंद्रप्रकाशनं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मुलुंड स्टेशनबाहेर वडे खाऊ घातले. गुणाजींना चार. ते नको नको म्हणत होते तरी.

आठवड्यानं केणीसाहेबांनी गुणाजींना कायम केल्याचं पत्र तयार केलं. आम्ही सगळे जमलो. गुणाजींनी चष्मा लावून पत्र वाचलं, खिशातून आपलं ओळखपत्र काढलं, मग हजेरीचा मस्टर मागवला. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. पत्रात पद 'प्यून'. ओळखपत्रावर 'अटेंडंट'. मस्टरमध्ये 'ऑफिस असिस्टंट'. तिन्ही केणीसाहेबांच्याच हातचे.

"साहेब, सही खयच्या माणसान करूची?"

केणीसाहेब आधी लाल झाले, मग हसू आवरेना त्यांना. "बरं, तुम्हीच सांगा. काय लिहू?"

आम्ही सगळे सुचवायला लागलो. मी अर्थातच गप्प बसलो नाही. 'शब्दभांडारपाल' सुचवलं. मला तो शब्द फार आवडला होता. गुणाजींनी तो सावकाश मनात म्हणून पाहिला.

"शेवंतीबायक कळात?"

मी कबूल केलं, नाही कळणार.

"स्टोअरकीपर लिवा," ते म्हणाले. "बावीस वर्षां तांच होतां."

पत्र पुन्हा टाइप झालं, मस्टर सुधारला, ओळखपत्र नवीन झालं. तिन्हीकडे स्टोअरकीपर. गुणाजींनी सही केली. मग पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, घाई न करता, लिहिलं: प्यून, अटेंडंट, ऑफिस असिस्टंट.

पेन्सिल जरा थांबली. माझ्याकडे बघून त्यांनी चौथं नाव लिहिलं, आणि मला विचारलं, "मास्तर, ह्या भांडारातलो 'भा' बरोबर आसा मां?"